शाईची घनता व रंगमापन

मुद्रणाच्या गुणवत्ता नियंत्रणात शाईची घनता आणि छापलेला रंग ही दोन निरनिराळी परिमाणे मोजली जातात. घनता म्हणजे कागदावर बसलेल्या शाईच्या थराने किती प्रकाश शोषून घेतला याचे माप. ती डेन्सिटोमीटर अर्थात घनतामापक या उपकरणाने मोजतात. रंगमापन म्हणजे तोच ठसा सर्वसामान्य मानवी डोळ्यास कसा दिसेल याचे आकड्यांतील वर्णन. त्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर अर्थात वर्णपटमापक वापरतात. छपाईयंत्र चालविणाऱ्याच्या हाती मुख्यतः शाई कमी-अधिक करणे एवढेच असते, म्हणून त्याला घनता जवळची वाटते. ग्राहक मात्र घनता पाहत नाही, रंग पाहतो. घनता अचूक असूनही रंग चुकलेला असू शकतो, आणि छापखाना व ग्राहक यांच्यातील कितीतरी वादांचे मूळ याच एका गोष्टीत असते.

डोळ्याच्या पारखीपासून मोजमापापर्यंत

सातारा व सांगली या जिल्ह्यांना मुद्रणाची जुनी परंपरा आहे. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत वसली. तेथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि त्याच्या जोडीला १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके आली. त्यांचे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हेही चित्रकार. त्यांचे चित्ररामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. औंध येथे स्वाध्याय मंडळ स्थापून वैदिक ग्रंथ छापणारे श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचाही मूळ व्यवसाय चित्रकलेचाच. एका लहानशा संस्थानाच्या परिसरात मुद्रणाशी संबंध आलेली तीन माणसे चित्रकार असावीत, हा योगायोग लक्षणीय आहे. ज्या काळात रंग मोजण्याचे साधन छापखान्यांत नव्हते, त्या काळात चित्रकाराची नजर हेच रंगाचे प्रमाण होते. सातारा जिल्ह्यातील वाई येथून मराठी विश्वकोशाचे खंड १९७० च्या दशकापासून निघू लागले. त्यांतील रंगीत चित्रपत्रे पाहिली म्हणजे एकाच चित्रपत्राची हजारो प्रतींत सारखी छपाई करणे हे केवळ नजरेवर सोपविण्याजोगे काम नव्हे, हे ध्यानात येते.

नजरेचे दोष सर्वांना ठाऊक असतात. सकाळी खिडकीपाशी योग्य वाटलेला तांबडा रंग रात्री ट्यूबलाइटखाली मळकट वाटतो. शेजारचा रंग बदलला की मधला रंग बदलल्याचा भास होतो. शिवाय डोळा दोन रंगांची तुलना उत्तम करतो, पण कालचा रंग आज आठवून सांगणे त्याला जमत नाही. मोजमापाची गरज मुख्यतः या शेवटच्या उणिवेतून निर्माण झाली.

घनतेची व्याख्या

ठशावर पडलेल्या प्रकाशाचा जो भाग परत येतो त्याला परावर्तनांक म्हणतात. घनता ही त्याच्या व्यस्ताचा दहा या आधाराचा लघुगणक होय:

घनता = लघुगणक (१ ÷ परावर्तनांक)

निम्मा प्रकाश परत आला तर घनता ०.३०, दहा टक्के आला तर १.००, चार टक्के आला तर १.४० आणि एक टक्का आला तर २.०० असते. लघुगणक नेमका कशासाठी घ्यायचा, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. शाईच्या एका थराने प्रकाशाचा दहावा भाग पुढे जाऊ दिला, तर तसाच दुसरा थर त्याचाही दहावा भाग जाऊ देतो. परावर्तनांकांचा गुणाकार होतो, पण लघुगणकांची बेरीज होते. त्यामुळे थराची जाडी दुप्पट झाली की घनताही ढोबळमानाने दुप्पट होते, आणि आकडा थेट जाडीशी जोडता येतो.

हा नियम फार पुढपर्यंत टिकत नाही. शाईच्या वरच्या पृष्ठभागावरूनच थोडा प्रकाश परत फिरतो, तो शाईत शिरतच नाही. म्हणून कितीही शाई घातली तरी घनता एका मर्यादेपलीकडे चढत नाही. टोलेनार व अर्न्स्ट यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी हा संबंध सूत्रबद्ध केला. त्यानुसार घनतेचा आलेख प्रथम सरळ चढतो आणि पुढे हळूहळू सपाट होत जातो. त्या सपाट भागात आणखी शाई घातल्याने रंग गडद होत नाही. कागद उशिरा वाळतो, छापलेल्या कागदांच्या थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला डाग लागतात आणि शाई मात्र वाया जाते.

घनतामापकात प्रकाश रंगीत गाळणीतून जातो. ज्या रंगाची शाई मोजायची, तिने शोषलेल्या प्रकाशाच्या रंगाची गाळणी लागते. सियान शाई तांबड्या गाळणीतून, मॅजेंटा हिरव्या गाळणीतून आणि पिवळी शाई निळ्या गाळणीतून मोजतात. गाळण्यांची एकापेक्षा अधिक प्रमाणे प्रचलित आहेत, आणि येथे एक खाचखळगा आहे. अमेरिकेत रूढ असलेल्या ‘स्टेटस टी’ गाळणीने जी पिवळी शाई साधारण १.०० वाचली जाते, तीच युरोपात रूढ असलेल्या ‘स्टेटस ई’ गाळणीने १.४० च्या आसपास वाचली जाते, कारण दुसरीची निळी गाळणी अधिक अरुंद पट्ट्याची असते. सियान व मॅजेंटा यांच्या बाबतीत एवढी तफावत पडत नाही. म्हणून पिवळ्याची घनता सांगताना गाळणीचे प्रमाण सांगितले नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. ध्रुवण गाळणी लावली आहे काय आणि शून्य कोऱ्या कागदावर धरले आहे काय, हेही नोंदवावे लागते. ओली शाई चकाकते व वाळल्यावर तिची चकाकी उतरते, त्यामुळे वाचन खाली येते. ध्रुवण गाळणी हा फरक बराच कमी करते.

रंगाचे मोजमाप

वर्णपटमापक साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाश लहान लहान भागांत, बहुधा १० वा २० नॅनोमीटरच्या अंतराने, मोजतो. त्या आकड्यांना प्रमाण प्रकाशाच्या व प्रमाण निरीक्षकाच्या मूल्यांनी गुणून बेरीज केली की रंगाचे तीन निर्देशांक मिळतात. प्रमाण निरीक्षक म्हणजे कोणी माणूस नव्हे. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये ठरविलेला तो सरासरी मानवी डोळा होय. १९७६ मध्ये आयोगाने सुचविलेल्या पद्धतीत हे निर्देशांक एल, ए व बी या अक्षरांनी दर्शवितात. एल म्हणजे उजळपणा, शून्यापासून शंभरापर्यंत. ए धन असेल तर रंग तांबड्याकडे, ऋण असेल तर हिरव्याकडे झुकतो. बी धन असेल तर पिवळ्याकडे, ऋण असेल तर निळ्याकडे.

गुळगुळीत लेपित कागदावरील ऑफसेट छपाईसाठी दीर्घकाळ वापरात असलेली उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत: सियान ५५, उणे ३७, उणे ५०, मॅजेंटा ४८, ७४, उणे ३, पिवळा ८९, उणे ५, ९३, काळा १६, ०, ०. दोन रंगांतील अंतराला डेल्टा ई म्हणतात. आयएसओ १२६४७-२ या मानकात या चार रंगांच्या भरीव ठशासाठी उद्दिष्टापासून डेल्टा ई ५ पर्यंतचे विचलन चालते. हे मानक रंगाची उद्दिष्टे ठरवून देते, घनतेची नाही. घनता ही यंत्रावर नियंत्रण ठेवण्याची सोय आहे, असेच त्यात मानले आहे.

वर्णपटीय आकडे हाती असतील तर त्यांतून रंगही काढता येतो आणि घनताही. उलट दिशेने जाता येत नाही. घनता हा एकच आकडा आहे, आणि एका आकड्यावरून तीन आकडे मिळत नाहीत. आज वापरात असलेली बहुतेक उपकरणे वर्णपटमापकच असतात व घनता ती गणिताने काढून दाखवितात.

थर जाड झाला म्हणजे रंग कसा बदलतो

कागदाच्या तुलनेत शाईची प्रत्येक तरंगलांबीवरील घनता काढली, तर थर जाड केल्यावर त्या सर्व घनता सारख्याच पटीने वाढतात, असे लहान बदलांपुरते धरून चालता येते. पिवळ्या शाईचे उदाहरण घेऊ. समजा निळ्या पट्ट्यात तिचा परावर्तनांक ४ टक्के, म्हणजे घनता १.४० आहे. ५०० नॅनोमीटरच्या सुमारास, जेथे शाईचे शोषण संपत आलेले असते, तेथे परावर्तनांक ४० टक्के, म्हणजे घनता ०.४० आहे. आता शाई दहा टक्क्यांनी वाढविली. निळ्या पट्ट्यातील घनता १.५४ झाली आणि परावर्तनांक ४ वरून २.९ वर आला, म्हणजे फरक १.१ टक्क्याचा. ५०० नॅनोमीटरपाशी घनता ०.४४ झाली आणि परावर्तनांक ४० वरून ३६.५ वर आला, म्हणजे फरक साडेतीन टक्क्यांचा.

घनतामापक जेथे पाहतो तेथे प्रकाश थोडासाच बदलला, आणि जेथे तो पाहत नाही तेथे तिप्पट बदलला. निळसर हिरवा प्रकाश घटल्यामुळे पिवळा रंग नारिंगीकडे झुकतो. शाई वाढविली की पिवळा अधिक पिवळा होतो, ही समजूत एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. पुढे तो पिकतो.

हळदीच्या वेष्टनाचे उदाहरण

सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि शहरालगतच्या हरिपूर येथील हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे प्रसिद्ध आहेत. हळदीच्या पाकिटावर पिवळा रंग असणे ओघानेच आले. हा रंग छापणे मात्र जितके साधे वाटते तितके नाही, कारण प्रत्येक गृहिणीच्या मनात हळदीचा रंग पक्का ठसलेला असतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील आकाश थोडे हिरवट झाले तर ते खपून जाते. हळद हिरवट दिसली तर ती कच्ची वाटते, आणि तांबूस दिसली तर भेसळीची.

दोन प्रकारच्या चुकांची तुलना येथे उद्बोधक ठरते. पहिल्या पाकिटावर पिवळी शाई किंचित अधिक बसली आणि बी ९३ ऐवजी ९७ झाला. दुसऱ्या पाकिटावर शाई तेवढीच आहे, पण पिवळ्या शाईत मॅजेंटाचा अंश मिसळला आणि ए उणे ५ ऐवजी उणे १ झाला. १९७६ च्या सूत्राने दोन्हींचे विचलन ४ येते, म्हणजे दोन्ही सारखीच वाईट व दोन्ही मर्यादेत. सन २००० च्या सुधारित सूत्राने, ज्यास सीआयईडीई२००० म्हणतात, पहिल्याचे विचलन सुमारे ०.८ आणि दुसऱ्याचे सुमारे २.१ येते. डोळ्याचा कौलही दुसऱ्या सूत्राच्या बाजूने पडतो: पहिले पाकीट शेजारी ठेवूनही वेगळे ओळखू येणार नाही, दुसरे ओळखू येईल. गडद रंगांत गडदपणातील फरक डोळा सोसतो, छटेतील फरक सोसत नाही.

घनतामापकाने याच दोन पाकिटांचा न्याय नेमका उलटा केला असता. पहिल्यावर त्याला घनता वाढलेली दिसली असती व त्याने इशारा दिला असता. दुसऱ्यावर निळ्या गाळणीतून जवळजवळ काहीच बदललेले दिसले नसते. पिवळ्या शाईत मॅजेंटा मिसळणे ही काल्पनिक आपत्ती नव्हे. चौरंगी यंत्रावर पिवळा बहुधा शेवटी छापला जातो, आणि आधीच्या ओल्या ठशांवरची शाई ब्लँकेटवरून मागे पिवळ्याच्या रुळांपर्यंत चढते. लांबलेल्या छपाईत ती साचत जाते. पहिल्या हजार प्रती व शेवटच्या हजार प्रती यांची घनता एक असते, रंग एक नसतो.

वर्णपटमापक महाग असलेल्या काळात यावर एक तोड निघाली होती. तीच पिवळी पट्टी तिन्ही गाळण्यांतून मोजायची आणि सर्वांत मोठ्या, मधल्या व सर्वांत लहान घनतेवरून छटादोष काढायचा: मधली वजा लहान, भागिले मोठी वजा लहान. मोठी १.४०, मधली ०.०८ व लहान ०.०३ असेल तर छटादोष सुमारे साडेतीन टक्के येतो. मधली ०.१५ झाली की तो सुमारे पावणेनऊ टक्क्यांवर जातो. मुख्य घनता तीच राहूनही शाई बिघडल्याचे यातून कळते. ज्या छपाईखान्यात केवळ घनतामापक आहे, तेथे हा हिशेब आजही करण्याजोगा आहे. तो फारसा केला जात नाही, ही खेदाची बाब होय.

हळदीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पाकिटाला पारदर्शक खिडकी ठेवली की आतील पूड व बाहेरचा छापील रंग शेजारी येतात. हळदीतील कर्क्युमिन व छपाईच्या पिवळ्या शाईतील रंगद्रव्य यांचे वर्णपट निराळे असतात, शिवाय कर्क्युमिन थोडेसे प्रतिदीप्तही होते. दिवसाच्या उजेडात जुळलेले दोन्ही रंग दुकानातील एलईडी दिव्याखाली फुटतात. या घटनेला समरूपता अथवा मेटामेरिझम म्हणतात. घनतेला ती दिसत नाही. एकाच प्रमाण प्रकाशासाठी काढलेल्या डेल्टा ईलाही ती दिसत नाही. त्यासाठी निरनिराळ्या प्रकाशांखालचा हिशेब वेगळा करावा लागतो.

घनता व रंग यांची सांगड

व्यवहारात रंग हे उद्दिष्ट आणि घनता हे साधन असा मेळ घालतात. त्यासाठी ठरलेला कागद व ठरलेली शाई घेऊन यंत्रावर कमी शाईपासून अधिक शाईपर्यंत प्रतींची एक शिडी छापतात. वाळल्यावर प्रत्येक प्रतीची घनता व रंग दोन्ही मोजतात. समजा, १.२० घनतेस डेल्टा ई ७.१, १.३० ला ४.४, १.४० ला २.६ आणि १.५० ला ३.५ आला, हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. यांतील सर्वांत लहान विचलन १.४० च्या जवळपास आहे. त्या कागदासाठी व त्या शाईसाठी तीच दिवसाची लक्ष्यघनता. पुढे छपाई चालू असताना कामगार रंगपट्टीवर केवळ घनता पाहून शाई वाढवितो वा घटवितो.

या शिडीतील सर्वांत लहान विचलन शून्य नाही, हे नीट पाहिले पाहिजे. उरलेले २.६ हे शाईच्या प्रमाणाचे नाही. ते कागदाच्या पांढरेपणाचे, शाईच्या मूळ छटेचे किंवा मळलेल्या रुळाचे आहे, आणि शाईची किल्ली कितीही फिरवली तरी ते जाणार नाही. शिडीचा तळ पाचाच्या वर असेल तर कामगारावर रागावण्यात अर्थ नाही. शाई किंवा कागद बदलावा लागतो. घनता व रंग दोन्ही मोजण्याचा खरा लाभ हा आहे की दोष कोणाच्या कक्षेतला आहे ते कळते. आधुनिक उपकरणे शिडी न छापताही, एकाच ठशाच्या वर्णपटावरून वर दिलेल्या पटीच्या नियमाने अपेक्षित सर्वोत्तम घनता सांगतात. पण तो अंदाज आहे, आणि थर जसजसा बदलत जातो तसतसा तो चुकत जातो.

छायाबिंदूंची वाढ

छायाचित्रात भरीव ठसे थोडे आणि बारीक बिंदूंची जाळी अधिक असते. दाब व शाईचे पसरणे यांमुळे बिंदू मूळ आकाराहून मोठे होतात, शिवाय कागदात शिरलेला प्रकाश बिंदूखाली अडकल्याने ते आणखी मोठे भासतात. मरे व डेव्हिस यांच्या १९३६ च्या सूत्राने घनतेवरून ही वाढ काढता येते. कागद वजा करून भरीव ठशाची घनता १.४० आणि पन्नास टक्के जाळीची ०.४५ आली, तर (१ − ०.३५५) ÷ (१ − ०.०४०) = ०.६७. म्हणजे पन्नास टक्क्यांचा बिंदू सदुसष्ट टक्क्यांचा दिसतो, वाढ सतरा टक्के. येथे घनतेचे काम उत्तम चालते, आणि म्हणूनच ती छापखान्यांतून हद्दपार झालेली नाही. वृत्तपत्राच्या कागदावर ही वाढ बरीच अधिक असते. तेथे रंगीत शाईंची घनताही ०.९ च्या व काळ्याची १.१ च्या सुमारास ठेवावी लागते, अन्यथा शाई पाठीमागे उमटते व वाचकाच्या बोटांना लागते.

कागद, हवा व पाठीमागचा आधार

महाबळेश्वर-वाईच्या पट्ट्यातील पावसाळा व सांगली-मिरजेकडचा उन्हाळा यांत कागदाची व शाईची वागणूक एकसारखी राहत नाही. ओलसर हवेत कागद फुगतो व रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नाहीत. उन्हाळ्यात शाई पातळ होऊन बिंदू पसरतात. म्हणून लक्ष्यघनता एकदा काढून वर्षभर भिंतीवर टांगून ठेवण्याजोगी नसते.

कागदात शुभ्रतेसाठी घातलेली द्रव्ये अतिनील किरणे शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. मोजणाऱ्या उपकरणाच्या दिव्यात अतिनील किरणे किती आहेत त्यावर निकाल अवलंबून असतो. आयएसओ १३६५५ या मानकात त्यासाठी एम-० ते एम-३ अशा चार मापनस्थिती दिल्या आहेत. पातळ कागदाखाली काळा आधार ठेवला की पांढरा, हेही तेथेच ठरविलेले असते. मसाल्याची पाकिटे बहुधा पारदर्शक प्लास्टिकच्या आतल्या बाजूने उलटी छापून मागे पांढरी शाई देतात. तेथे पांढऱ्या थराची अपारदर्शकता कमी पडली तर पिवळ्याची घनता ठीक असूनही पाकीट भरल्यावर रंग मळकट दिसतो. रिकाम्या पाकिटावर मापन करून दिलेली हमी अशा वेळी कामाची ठरत नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने रंग तपासण्याची प्रथा अलीकडे पडू लागली आहे. कॅमेरा समोरचा प्रकाश पाहून पांढऱ्याची व्याख्या स्वतःच बदलतो, त्यामुळे दोन वेळा काढलेली छायाचित्रे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. मंजूर झालेली छापील प्रत अंधाऱ्या, कोरड्या जागी जपून ठेवणे आणि तिच्या मागे मापनाची तारीख, गाळणी, मापनस्थिती व आधार यांची नोंद करणे ही जुनी पद्धत त्यापेक्षा अधिक भरवशाची आहे. अर्थात ती प्रतही कालांतराने पिवळी पडते, म्हणून ठरावीक मुदतीनंतर ती बदलतात.